रांगेतला शेवटचा

चूक जयंतकाकांची होती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे गोष्ट संपल्यावर कुणी मोठ्यांसारखं 'नशीब, दुसरं काय' म्हणायचं नाही. विहान, फोन पालथा ठेव. दिया, तू खुशाल हस. फक्त नंतर पाणी आणायला माझ्याबरोबर चल म्हणू नकोस.

जयंतकाका म्हणजे माझ्या मित्राचे, नकुलचे बाबा. इथे लंडनला, हाउन्सलोच्या आपल्या मराठी मंडळात एकदा माइक हातात आला की सोडायचे नाहीत. त्या उन्हाळ्यात ते नकुलला झांबियाला घेऊन गेले, पायी सफारीवर. जीप नाही, जंगलातून चालत जायचं. पुढे बंदूकवाला, मग गाइड, मग पाहुणे, एकामागे एक. बोलायचं नाही. रांग तोडायची नाही. थांबायचं असेल तर पुढच्याच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं, त्यानं त्याच्या पुढच्याच्या... असं बंदूकवाल्यापर्यंत. सगळ्यात शेवटी चहाची टोपली घेऊन म्वाले नावाचा माणूस.

तर, नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. मंडळाच्या हॉलमध्ये काकांचा स्लाइड शो होता आणि प्रोजेक्टर घरी राहिलेला.

"कुश, नकुल, पळा रे. नाहीतरी तुम्हाला काय कामं असतात!"

मी युनिव्हर्सिटी अर्ध्यात सोडलेली ना, त्यामुळे काकांच्या लेखी मी फुकटचा हमाल.

परत येताना बस चुकली, म्हणून आम्ही हीथच्या माळरानावरून शॉर्टकट घेतला. साडेपाच वाजले होते, पण नोव्हेंबरात तेव्हा रात्रच असते. दोन्हीकडे काटेरी झुडपं, पायवाट इतकी अरुंद की दोघं शेजारी मावत नाहीत. टॉर्च घेऊन मी पुढे, प्रोजेक्टर घेऊन नकुल मागे.

"शेवटची स्लाइड कसली आहे, माहितेय?" त्यानं विचारलं.

"सिंह?"

"म्वाले. हसतोय. त्यानंतर लगेच मेला तो."

मग चालता चालता त्यानं सगळं सांगितलं. काका रांग सोडून मागे राहिले. म्वालेला म्हणाले, टोपली डोक्यावर घे, मंडळात दाखवायला फोटो हवाय. तो 'नो सर, नो सर' करत होता, तरी उभा केला. फोटो झाल्यावर काका धावत येऊन नकुलच्या मागे रांगेत शिरले. म्वाले मागे एकटाच, टोपली पुन्हा पाठीला बांधत. रांग थांबवायला नकुलनं हात उचलला, तर काकांनी त्याचं मनगट धरलं.

"गप चल. रांग मोडली म्हणून सगळ्यांसमोर ओरडतील आपल्याला."

तेवढ्यात मागून हत्तीचा आवाज आला.

"कॅम्पवर बाबा म्हणाले, तो स्वतःच रेंगाळला," नकुल म्हणाला. "गाइडनं मला विचारलं. मी मान हलवली. त्याच्या बायकोलाही तेच कळवलं रे."

"मग आता?"

"आज ती स्लाइड आली की उभा राहून सांगणार."

"सांग. मी शेजारी उभा राहतो."

थोडं पुढे गेलो असू. माझ्या खांद्यावर थाप. दोनदा.

मी थांबलो. "काय रे?"

मी टॉर्च खाली घेतला.

"नकुल?"

"मला मागून आली... म्हणून तुला दिली."

मी वळलो. त्याच्या खांद्यावरून टॉर्च मारला. ओली पानं. रिकामी वाट.

"कुणी नाहीये."

"मी नाही बघणार. तू चल... चल ना."

आम्ही चालू लागलो. मागे तो हळूच इंग्रजीत बोलला. माझ्याशी नाही.

"आय विल टेल देम. टुनाइट."



त्याची पावलं ऐकू येत होती. मग... येईनात.

थाप. दोनदा. जड.

"नकुल?"

...

"नकुल, मस्करी नको."

मी वळलो. प्रोजेक्टर वाटेच्या मधोमध, नीट ठेवलेला. नकुल नाही. एक फांदीसुद्धा हलली नव्हती.

पोलिस आले, कुत्री आली, वर हेलिकॉप्टर फिरलं. काही सापडलं नाही. मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, म्वालेचंही. काका जमिनीकडे बघत बसले. एक काकू म्हणाल्या, "धक्का बसलाय बिचाऱ्याला. त्यात शिक्षणही अर्धवट." आणि माझ्या हातात चहा दिला. असे हे मोठे लोक. मी त्या कॅम्पला ईमेल केला. उत्तर आलं नाही. म्वालेच्या बायकोला अजूनही तेच खोटं माहीत आहे.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. माझं जॅकेट चिंब भिजलेलं. घरी येऊन काढलं, तर खांद्यावर धुळीचा पंजा. कोरडी, तांबूस, पिठासारखी धूळ. नकुलच्या हातापेक्षा मोठा. धुतला तरी जात नाही. विहान, हात नको लावूस.

जयंतकाकांना एकच मुलगा होता. आता नाही.