कडूताई आणि गोड मुळं

बसथांब्यावर शेजारच्या माणसाच्या पोत्यातलं काहीतरी काढून चघळणं हे काही सभ्य मुलीचं लक्षण नव्हे. पण तिचा नाइलाज होता. बारीक पाऊस पडत होता, बसचा पत्ता नव्हता, आणि पोत्याच्या फाटक्या कोपऱ्यातून एक वाळलेलं मूळ अगदी तिच्या हाताशी डोकावत होतं. तिने हळूच तुकडा मोडला आणि जिभेवर ठेवला.

"चोरी करताय?" पोत्याचा मालक वळून म्हणाला. आवाज रागाचा होता, डोळे मात्र हसत होते.

"छे, चाखतेय."

"मग... कसं आहे?"

"गोड."

त्याचं हसू तिथेच मावळलं. दुसरा एखादा खूश झाला असता. पण हे मूळ तापाच्या औषधात पडायचं, आणि ते कसं हवं, तर खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल इतकं कडू.

"तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?" त्याने जरा घुश्शातच विचारलं.

"थोडंफार," ती म्हणाली, आणि तेवढ्यात बस आली.

तासाभराने तो पोतं खांद्यावर घेऊन औषधाच्या कारखान्यात शिरला, तर तपासणीच्या खोलीत पांढरा कोट घालून तीच बसलेली. आली का पंचाईत! इथे येणारी प्रत्येक मुळी आधी तिच्या जिभेवरून जायची, म्हणून सगळे तिला कडूताई म्हणत. खोलीची मुख्य होती तिची सख्खी आत्या, आणि आत्याने हा चाखण्याचा कारभार भाचीच्या हाती बिनघोर सोपवला होता.

कडूताईने मुळाचा काढा केला, घोट घेतला आणि मान हलवली. माल नापास.

"मुळं किती जाडजूड आहेत बघा तरी," तो म्हणाला.

"तेच तर दुखणं आहे. लाडावलेली आहेत. पाणी कोण घालतं?"

"आई. उन्हाळा सोसवत नाही रोपांना, म्हणून लेकरांसारखी जपते."

"या झाडाला थंडी खावी लागते," ती समजावू लागली. "गारठ्यात तगायचं म्हणून ते मुळांमध्ये कडूपणा साठवतं. औषधाचा जीव तोच. तुमच्याकडे हिवाळा पडतो का अलीकडे?"

डोंगराच्या पायथ्याची त्यांची बाग आजोबांपासूनची. पण हल्ली तिथला हिवाळा पाहुण्यासारखा यायचा, टेकला न टेकला की निघाला. मुळं फुगत होती आणि आतून सपक होत होती. कारखान्याने माल घेणं बंद केलं तर बाग उपटायची, असं घरात बोलणं चाललं होतं. हे त्याने तिला सांगितलं, आणि का कोण जाणे, तिला रात्री जेवण गेलं नाही.

मग तो येतच राहिला. कधी सावलीतली मुळं घेऊन, कधी पाणी तोडलेल्या वाफ्यातली. ती घोट घ्यायची आणि तो समोर बसून तिच्या तोंडाकडे एकटक बघायचा.

"असं काय बघता?"

"तुमचं तोंड वाकडं होतंय का ते. जरासं जरी झालं ना, माझा दिवस सोन्याचा."

"लोक मुलींना हसवायला बघतात."

"मी जगावेगळा आहे... चालेल?"

ती लाजली आणि काढ्यात नको तेवढं पाणी ओतून बसली. आत्या खिडकीपाशी बरण्या पुसत होती. "मुळांची परीक्षा चाललीय की आणखी कसली?" ती बरणीला विचारावं तसं म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

हिवाळा सरता सरता तो शेवटची मुळं घेऊन आला. चेहरा ओढलेला. "एवढं पास झालं तर बाग राहील," इतकंच म्हणाला.

तिने घोट घेतला. कडूपणा होता... पण नावापुरता. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातांवरच्या चिरा पाहिल्या, आणि नाक-तोंड मुरडून जोरात अंग शहारवलं. "बापरे, कडूजहर!"

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग उठून पोतं बांधू लागला.

"अरे, पास झालं ना?"

"खरं वाकडं तोंड करतेस तेव्हा तुझा डावा डोळा आधी मिटतो," तो हळू आवाजात म्हणाला. "इतके दिवस दुसरं बघितलंय काय मी? अगं, हे औषध कुणा तापाने फणफणलेल्याच्या पोटात जाणार. माझ्यासाठी असं करू नकोस."

तो निघून गेला. ती दोन्ही हातांत तोंड लपवून बसली. खोटं पकडलं गेल्याची लाज होतीच, पण आपल्याला कुणी इतकं नीट पाहिलंय, या विचाराने तिला रडूच कोसळलं.

"मुळूमुळू काय रडतेस? पळ," आत्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "तो फाटकापाशी आहे अजून."

तो खरंच तिथे होता. पोतं खाली ठेवून, जायचं की नाही अशा विचारात.

"वर जातोय," तो म्हणाला. "डोंगराच्या माथ्याजवळ, जिथे अजून दव गोठतं तिथे. रोपं तिकडे हलवायची, तिथेच राहायचं. मूळ धरायला वर्षं जातील, आणि कडूपणा येईलच असंही नाही. म्हणून तुला... काही विचारत नाही."

"न विचारता मी सांगितलं तर?"

त्याने मान वर केली.

"झाडाचं थंडी ठरवेल, माझं मी ठरवलंय," ती म्हणाली. तिची नजर ढळली नाही. "तुझी बाग राहो न राहो, मला तू हवा आहेस. इथे चाखायला आत्या दुसऱ्या कुणाला तरी तयार करेल. मी तुझ्याबरोबर वर येते."

"तिथे काहीच नाही गं. दोन खोल्या आणि वारा."

"माझ्या हातचा स्वयंपाक खाल्लास की वाऱ्याबद्दल तक्रार राहणार नाही तुझी."

तो हसला, कितीतरी दिवसांनी. मग पोत्याचं एक टोक त्याने उचललं, दुसरं तिने, आणि दोघं रस्त्याला लागले. "आईला काय सांगू?" त्याने थोड्या वेळाने विचारलं. "कोण येतंय म्हणून?"

"सांग, तुमचा माल नापास करणारी. पण मुलगा केव्हाच पास केलाय तिने."