डिम्पनाच्या घरातला दिवा

दार लावून घ्या रे कुणीतरी, वारा येतोय. हां. माझा भाचा मॅलकी, दुधाचा टँकर चालवतो तो, त्याच्यावर आलेला हा प्रसंग. गेल्या वर्षी नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. त्याच्या तान्ह्या मुलीच्या, डर्व्हलाच्या दंडावर उकळता चहा सांडला. डॉक्टरांनी पट्टी बांधून घरी पाठवलं, पण रात्र झाली तरी पोर रडायची थांबेना.

"डिम्पना म्हातारीकडे ने पोरीला," त्याची बायको अट्रॅक्टा म्हणाली. "लहानपणी तळ्यातला सरडा चाटलाय तिनं. भाजल्यावर तिच्या जिभेचा गुण येतो."

"सरडा चाटून? मग आपल्या कुत्र्यालाही दवाखाना काढून देऊ!"

"नेतोस की मी नेऊ? आणि तिला थँक्यू म्हणू नकोस, गुण उलटतो. कुणी म्हणायला लागलं तर तीच गप्प करते."

मॅलकीनं डिम्पनाला कधी पाहिलं नव्हतं. दलदलीच्या रस्त्याला शेवटचं घर, खिडकीत दिवा. म्हातारीनं पट्टी सोडली, दंड चाटला. पोर गप्प झाली, चक्क हसली. मॅलकीला भरून आलं. ओठांवर आलेला शब्द त्यानं गिळला.

म्हातारी बघत राहिली.

"काही म्हणायचंय, बाळा?"

"नाही."

तिनं चहा दिला. पोरीला शाल गुंडाळून दिली. मग पुन्हा बघत राहिली... मॅलकीच्या मनात पाल चुकचुकली. डिम्पना तर म्हणू देत नाही. मग ही वाट का बघतेय?

तो उठला. ती पुढे. तिनं फाटक उघडलं. गाडीचं दार उघडलं.

"एवढं केलं मी..."

तो पोरीला घेऊन आत बसला.

"एकच शब्द..."

त्यानं काच वर केली. गाडी काढली. आरशात ती... फाटकातच.

अट्रॅक्टा दारात उभी होती. "होतास कुठे तू? डिम्पनाचा फोन आलेला. ती रविवारपासून मुलीकडे आहे. घराला कुलूप आहे म्हणे."

पोरीच्या दंडावर डागसुद्धा नव्हता. एका पायातला मोजा मात्र नव्हता.

सकाळी तो उंबऱ्यावर सापडला. धुतलेला, घडी घातलेला, कोरडा. पाऊस तर रात्रभर पडत होता.

हसू नकोस, कॉर्मक. मॅलकीच्या घरात आता कुणी मीठ पुढे केलं तरी थँक्यू म्हणत नाहीत. पण डर्व्हला बोलायला लागलीय, आणि शेजारणी तिला कौतुकानं थँक्यू म्हणायला शिकवतात.

आज सकाळी उंबऱ्यावर मोजे होते. लोकरीचे, नवे... पोरीच्या आत्ताच्या मापाचे. तिनंच आधी पाहिले. उचलले. बाहेर बघून हसली, तोंड उघडलं...

अट्रॅक्टानं धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

बाहेर कुणी नव्हतं. रात्री कडी घातलेलं फाटक उघडं होतं.