कोरडा तळहात

उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मीटरवर जे दिसत नाही ते मी खरं धरत नाही. एवढं सांगून पुढचं सांगतो.

माझी मुलगी रक्षिता. परीक्षा म्हटली की तिच्या तळहातांना घाम सुटायचा. कागद ओला व्हायचा, शाई पसरायची. म्हणून तिची आई गंगव्वा प्रत्येक पेपरला तिच्या उजव्या तळहाताला भस्म चोळायची आणि वर्गाच्या दारापर्यंत तो हात धरून न्यायची. बी.कॉम.पर्यंत हे चाललं.

२००६ च्या उन्हाळ्यात गंगव्वा गेली. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. बसवलेल्या देहाभोवती भस्माच्या वड्या ठेवून मीच माती लोटली.

त्यानंतर लगेच रक्षिता कॉम्प्युटरच्या परीक्षेत नापास झाली. वहीत तिला सगळं यायचं. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात वेळ कमी होताना दिसला की हात घामानं भिजायचा, माउस निसटायचा आणि भलत्याच उत्तरावर क्लिक व्हायचं. दिलेलं उत्तर मागं जाऊन बदलता येत नव्हतं. पतसंस्थेतली तिची नोकरी त्या सर्टिफिकेटसाठी अडली होती. पुन्हा नापास झाली असती तर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असती.

दुसऱ्या वेळी मी सोबत गेलो. राजारामपुरीतल्या सेंटरच्या दारात चपला काढल्या. जिन्याजवळ खिशातली पुडी सोडून तिच्या हाताला भस्म चोळलं.

"अव्वा जोरात चोळायची," ती म्हणाली.

सेंटरचे रुद्रेश सर दारातच उभे होते.

"पावणं, पूजेला आलाय का परीक्षेला? माउस खराब हुतोय माझा. हात धुऊन ये जा, बाई."

तिनं साबणानं हात धुतले. परत आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

"अप्पा, परत तसंच हुणार."

"न्हाय हुत. जा."

मी काचेबाहेर बाकावर बसलो. ती भिंतीकडच्या मशीनवर बसली. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथलं मशीन बंद पडलेलं, त्यावर कापड टाकलेलं. आधी ती सारखी ओढणीला हात पुसत होती. मग थांबली.

तिचा उजवा खांदा थोडा खाली झुकला. आपल्यापेक्षा बुटक्या माणसानं हात धरल्यावर झुकतो तसा. गंगव्वा बुटकी होती.

मग माउस चालू लागला. भराभर, न अडखळता. रक्षिता स्क्रीनकडं बघत नव्हती. ती रिकाम्या खुर्चीकडं बघत होती.

वेळ संपायच्या बऱ्याच आधी सर बाहेर आले.

"पास. अठ्ठ्याण्णव मार्क. पण हात धुवायला सांगितलंतं न्हवं? बघा ह्यो माउस."

माउसवर भस्म होतं. ओलं. मी बोट लावून पाहिलं. त्यात काळ्या मातीचे कण होते. माझ्या खिशातलं भस्म कोरडं होतं.

गडमुडशिंगीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. उजवा हात मांडीशेजारी खाली सोडलेला.

"कसा गेला?"

"मी कायबी केलं न्हाय, अप्पा. हातच चालत हुता."

"घाम?"

"आला न्हाय."

 मला तेवढं पुरे होतं. पोरगी पास झाली होती.

घरी मी भाकरी-आमटी वाढली. ती डाव्या हातानं जेवू लागली. गंगव्वाला ते कधी चाललं नसतं.

"उजव्या हातानं जेव की."

"अजून सोडला न्हाय," ती म्हणाली.

मी तिचा उजवा हात धरून ताटाकडं ओढला. तळहात कोरडा ठाक होता.

तेवढ्याच जोरानं तो पलीकडं ओढला गेला.