वडगावच्या घराची आतली कडी

पटलं तर घ्या. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, आणि यात एक शब्दही वाढवून सांगितलेला नाही.

मागच्या फेब्रुवारीतला रविवार. बेळगावातलं वडगाव.

रात्र नव्हती... भर दुपारचे साडेबारा वाजले होते.

माझे आप्पा, सुबराव, हातमागावर साड्या विणायचे. ते गेले आणि घर रिकामं पडलं. मी निपाणीला दिलेली, मागं दुसरं कुणी नाही. म्हणून घर विकायला काढलं. आण्णाप्पा नावाच्या एजंटानं त्या दिवशी गिऱ्हाईक आणलं होतं. तेजस्वी, शाळेत शिक्षिका.

मी कुलूप काढलं, तोच आण्णाप्पा थबकला.

"आक्का, आत माग चालू हाय व्हय?"

मीही ऐकलं.

खट्... खट्... खट्...

"माग तर दिवाळीतच मोडून दिला ओ, आण्णा."

दार ढकललं.

आवाज बंद.

मागाच्या खोलीत, विणताना पाय सोडून बसायचा तेवढा खड्डा उरला होता. तेजस्वी त्याच्या काठाशी वाकली, आणि सरळ झाली तेव्हा तिच्या केसांत सुताचे तंतू होते...

हिरवे. ओले.

घरात धागासुद्धा शिल्लक नव्हता.

ती तडक बाहेर गेली. पाठोपाठ आम्ही. आण्णाप्पानं दार ओढून घेतलं, आणि...

आतून कडी लागली.

"मागल्या दारानं कोण शिरलंय काय?" आण्णाप्पानं विचारलं.

"मागं दारच न्हाय."

तेजस्वीनं गाडी काढली. वळूनही पाहिलं नाही.

मला मात्र भीती नाही वाटली. रडू आलं. आप्पांचा जीव घरात अडकला असणार, असंच वाटलं. मी दाराला कपाळ टेकवलं.

"आप्पा, मी भाग्या. उघडा की."



मग फळीच्या अगदी पलीकडून, माझ्या कानाशी, एक बाई हळूच म्हणाली...

"तुझा आप्पा हितं न्हाय गं."

आण्णाप्पा पायऱ्या उतरून रस्त्यावर पोचला होता. मीही धावले.

दुसऱ्या दिवशी मी चार माणसं घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणी नाही.

माझी आई आप्पांच्याही आधी गेली; तिचा आवाज मी झोपेतही ओळखेन. दारामागचा आवाज तिचा नव्हता.

घर अजून तसंच आहे. आण्णाप्पा माझा फोन उचलत नाही.

ती बाई कोण, हा विचार आता मी सोडून दिलाय. झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं...

आप्पा तिथं नाहीत, हे तिला कसं माहीत?

आणि मग ते कुठं आहेत?