पलीकडचा आकडा

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी इमारतीत त्यांना सगळे लाइनमनकाका म्हणत. खरं तर ते लाइनमन कधीच नव्हते. टेलिफोन खात्यातून ते इन्स्पेक्टर म्हणून बाहेर पडले होते, आणि सुरुवातीला प्रत्येकाला ही दुरुस्ती ते आवर्जून सुचवत. पुढे तो नाद सोडला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

त्या बुधवारी दुपारी जेवणं उरकल्यावर त्यांनी मागच्या खोलीतल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि वायफायचा अडॅप्टर खोक्यातून बाहेर काढला. अंगठ्याएवढा काळा तुकडा, त्याला बोटभर उंचीची अँटेना. इंटरनेटची जुनी वायर थेट या खोलीत येत होती, पण नव्या कंपनीच्या माणसांनी राउटर पुढच्या खोलीत, दाराच्या वर ठोकला आणि हात झटकून निघून गेले. आता कॉम्प्युटर एका टोकाला, राउटर दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन भिंती. दर रविवारी परगावच्या मुलीशी मोठ्या पडद्यावर बोलायचं, तर एक तर भिंतींना भोकं पाडायला हवी होती, नाहीतर हा अडॅप्टर.

जन्मभर वायरी तपासलेल्या माणसाला बिनतारी प्रकरण काही मनापासून पटत नव्हतं. पण भोकं पाडायचं नाव काढलं की बायको अंगावर येई. गंमत म्हणजे सोमवारी अडॅप्टर आणला तेव्हाही ती खूश झाली नाही.

"कशाला हवंय हे नवीन खूळ? माझ्या फोनवर बोला की तिच्याशी."

"त्या एवढ्याशा काचेत मला तिचं नाकसुद्धा धड दिसत नाही."

"मग चष्मा बदला," ती म्हणाली होती.

त्यांनी अडॅप्टर कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला खोचला. सोबत आलेली सीडी घातली. ट्रे कुरकुरत आत गेला. पाच मिनिटांत पडद्याच्या कोपऱ्यात पंख्यासारखी खूण उमटली, पण अगदीच फिकट. कॉम्प्युटरचा लोखंडी डबा टेबलाखाली, अडॅप्टर त्याच्या पाठीशी. तिथे सिग्नल येणार कसा? मग त्यांनी पाच मीटरची जोडवायर काढली, तिच्या टोकाला अडॅप्टर लावला, सिग्नल मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम चालू केला आणि बायकोला हाक मारली.

"अगं, जरा ये. मी हे घेऊन खोलीभर फिरतो, तू आकडा वाच."

खात्यात लाइन तपासायची हीच रीत होती. एक जण तारेच्या टोकाला, दुसरा एक्स्चेंजमध्ये मीटरसमोर. पलीकडचा जो आकडा वाचेल तो टोकाच्या माणसाने तसाच वहीत उतरवायचा. उलट विचारायचं नाही, आणि जाऊन बघायचं तर मुळीच नाही. पलीकडच्यावर विश्वास नसेल तर या कामात पडूच नये, असं ते नव्या लोकांना बजावत असत. त्यांनी स्वतःही पंचवीस-तीस वर्षांत एकदासुद्धा मीटर जाऊन पाहिला नव्हता.

बायको हात पुसत आली, खुर्चीत बसली.

"कपाटावर?"

"बावन्न."

"खिडकीत?"

"अठ्ठेचाळीस."

"मागच्या भिंतीपाशी?"

उत्तर यायला वेळ लागला.

"एकतीस."

त्यांनी वहीत एकतीस लिहिलं. "दुसरं कुठलं नेटवर्क दिसतंय का? कुणाचं मध्ये येत असेल तर बघावं लागेल."

"खालच्यांचं एक आहे. बाकी काही नाही. बंद करू का हे?"

"राहू दे. आलेख बघतो."

ती उठेना. तिचा हात माऊसवर होता आणि बाण त्या प्रोग्रॅमच्या फुलीवर जाऊन थांबला होता. त्यांनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

आलेखात तीन रेघा होत्या. निळी घरच्या राउटरची. तिच्याखाली राखाडी, खालच्या मजल्यावरची. तिसरी लाल. ती कपाटाशी मध्यम होती, खिडकीशी वर चढली होती, आणि मागच्या भिंतीपाशी अठ्ठ्याण्णवला पोचली होती. घरच्या राउटरला अडॅप्टर चिकटवला असता तरी एवढा आकडा आला नसता. बाकी दोन्ही नावं इंग्रजीत होती. लाल रेघेचं नाव मराठीत होतं.

टिल्लू.

पाळण्यात मूठभर दिसत होता म्हणून आजीने त्यांच्या धाकट्या मुलाला ते नाव ठेवलं होतं. चार भिंतींबाहेर कुणी त्या नावाने हाक मारली की त्याला राग येई, म्हणून ते घरातच राहिलं. एकोणीस वर्षांपूर्वी या टिल्लूने शेजाऱ्यांच्या टेलिफोनच्या पेटीतून चोरून जोड घेतला, रात्र रात्र इंटरनेट चालवायला. इन्स्पेक्टरच्या पोराने! त्यांनी स्वतःच्या पक्कडीने ती तार कापली आणि जिन्यात, चार शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "चोराला या घरात जागा नाही." बावीस वर्षांचा मुलगा चपला घालून उतरून गेला. तेव्हा संध्याकाळ होती. तो परत आला नाही.

राग आठवड्यात ओसरला. त्यानंतर त्यांनी स्टेशनं पालथी घातली, इस्पितळांच्या याद्या चाळल्या, त्याच्या मित्रांची दारं ठोठावली. हाती काही लागलं नाही. आता ते दर महिन्याला, पेन्शनच्या दिवशी, बायकोला एवढंच विचारत, "काही कळलं का?" ती म्हणे, "नाही." त्या 'नाही'वर ते पुढचा महिना काढत. एक शब्द यावा, शिवीही चालेल, एवढंच त्यांचं मागणं उरलं होतं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मला काय कळतं त्यातलं."

"एवढा वेळ तूच वाचत होतीस ना?"

तिने माऊसवरचा हात काढून घेतला.

कुणाची तरी थट्टा असेल, ते मनाशी म्हणाले. थट्टाही मोजता येते. त्यांनी त्या नावावर बाण नेऊन दाबलं. नेटवर्कने पासवर्ड विचारला नाही. 'परवानगी नाही' एवढीच अक्षरं आली. त्यांनी तीनदा दाबलं, तीनदा तेच. मग पुढच्या खोलीत जाऊन राउटरचं बटण बंद करून आले. निळी रेघ शून्यावर पडली होती. लाल जागची हलली नव्हती.

"ऊठ," ते म्हणाले. "आता तू धर. मी वाचतो."

तिने अडॅप्टर हातात घेतला. कुठे जायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. ती सरळ मागच्या भिंतीशी गेली आणि खांद्याच्या उंचीवर एका जागी तो टेकवला. तिथला रंग तळहाताएवढा गुळगुळीत झाला होता. तो डाग त्यांनी रोज पाहिला होता, आणि खुर्चीची पाठ घासत असेल असं धरून चालले होते. एवढ्या उंचीवर कुठल्याच खुर्चीची पाठ पोचत नाही, हे आज लक्षात आलं.

आकडा शंभरावर गेला.

ते खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले आणि भिंतीची दुसरी बाजू पाहिली. तिसरा मजला. उन्हात तापलेलं सपाट प्लास्टर, पावसाच्या पाण्याचा एक पाइप, खाली ओळीने लावलेल्या सायकली. भिंत वीतभर जाडीची होती आणि तिच्यापलीकडे नुसती हवा होती.

ते आत आले.

"कधीपासून?"

"हा फोन घेतला तेव्हापासून," ती म्हणाली. "सात वर्षं होतील."

"आणि दर महिन्याला मी विचारतो..."

"हो."

"काय विचारतो मी?"

"काही कळलं का, म्हणून."

"आणि तू काय सांगतेस?"

ती अडॅप्टरची अँटेना बोटांनी सरळ करत राहिली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी गत. पण कळसा आपल्या काखेत कधी नव्हताच, हे त्यांना कळलं. तो शेजारी निजणाऱ्या बाईच्या काखेत होता. तिने चौऱ्याऐंशी वेळा खोटा आकडा वाचला होता, आणि त्यांनी तो चौऱ्याऐंशी वेळा खरा मानून उतरवून घेतला होता.

"त्यानंच सांगितलं होतं," ती म्हणाली. "बाबांना कळू देऊ नको म्हणून."

"कसा आहे तो?"

"बरा आहे म्हणतो."

"कुठे आहे?"

"ते मी विचारत नाही."

तिने मोकळा हात पदराला पुसला, टेबलावरचा फोन उचलला, दोनदा बोट फिरवलं आणि त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर एक साधं पान होतं. वर 'टिल्लू'. त्याखाली जोडलेल्यांची यादी.

आई.

ताई.

म्हणजे मुलगीसुद्धा. दर रविवारी पडद्यावर हसणारी, 'बाबा, गोळ्या घेता ना?' विचारणारी.

तिसरं नाव होतं आजी.

त्यांची आई मुलगा गेल्यानंतर चौथ्या वर्षी वारली होती. मोबाइल फोन तिने कधी हातात धरला नव्हता.

"हे कसं?"

"मला माहीत नाही," बायको म्हणाली. "मी जोडलं तेव्हा त्या आधीपासून होत्या."

त्याखाली आणखी एक यादी होती. अडवलेले. तिच्यात नाव नव्हतं. नुसता एक बारा अक्षरांचा क्रमांक होता.

प्रत्येक अडॅप्टरला कारखान्यातून स्वतःचा क्रमांक मिळतो, एकाचा दुसऱ्याला नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी अडॅप्टर तिच्या हातातून घेतला, उलटा केला आणि खणातलं भिंग काढलं. मागच्या चिकटपट्टीवरची अक्षरं मुंगीएवढी होती.

"वाच," ते म्हणाले.

"सात, चार," ती म्हणाली.

"हो."

"डी, शून्य."

"हो."

"नऊ, बी. तीन, तीन."

"हो."

"ए, आठ. सहा, एफ."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. या वेळी तिने एकही आकडा चुकवला नव्हता.

क्रमांकाखाली तारीख होती. कधी अडवलं त्याची. सोमवारी दुकानातून आणलेल्या, याच वर्षी बनलेल्या त्या काळ्या तुकड्याला एकोणीस वर्षांपूर्वी अडवलं होतं. तोच दिवस. संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. जिन्यातलं ते वाक्य तोंडातून निघून तेव्हा मिनिटही झालं नव्हतं, मुलगा जिना उतरून फाटकापर्यंतही पोचला नसेल.

शेवटी एक चौकोन होता. त्यात लिहिलं होतं, 'मोकळं करा'.

"दाब," ते म्हणाले.

ती हलली नाही.

"अगं, दाब ना ते. पाया पडतो तुझ्या."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्यापुढे असे शब्द काढले नव्हते. तिचं बोट चौकोनाच्या वर येऊन थांबलं. तिने मान वळवली, पण त्यांच्याकडे नाही, भिंतीकडे. दुसरा हात तिने त्या गुळगुळीत जागेवर ठेवला आणि किंचित मान कलती करून उभी राहिली, आतल्या खोलीतून कुणी हळू आवाजात बोलत असावं तशी.

त्यांनीही श्वास रोखून कान दिले. कॉम्प्युटरचा पंखा तेवढा फिरत होता.

तिने मान हलवली आणि बोट मागे घेतलं.

"नको म्हणतोय," ती म्हणाली.