एकसष्ट किलोमीटरची कॉन्टेसा

वैजनाथ जुन्या गाड्या तपासून देण्याचं काम करायचा, आणि कुठलीही गाडी बघायला गेला की आधी पेडलवरचं रबर बघायचा. मीटर मागे फिरवता येतो, रंग मारता येतो, सीटला नवीन कव्हर चढवता येतं. पण क्लच-ब्रेकचं झिजलेलं रबर बदलायचं भल्याभल्यांच्या डोक्यात येत नाही.

मागच्या वर्षी संगमनेरच्या एका गाडीत कुणीतरी तेही बदललं होतं, आणि वैजनाथ फसला. पुण्याच्या रविराजने, त्याच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने, त्याच्या भरवशावर ती गाडी घेतली आणि महिन्याभरात ती दोन लाख किलोमीटर पळालेली निघाली. रविराज आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हे. तो एवढंच म्हणाला, की वैजनाथराव, तुमच्याकडे ना गॅरेज ना दुकान, तुमच्याकडे फक्त शब्द आहे; तो पुन्हा खोटा निघाला तर काय उरतं ते तुम्हीच बघा. हे बोलणं वैजनाथच्या जिव्हारी लागलं होतं. वीस वर्षांचं नाव, आणि एका रबरापायी मातीत!

म्हणून शेवगावच्या अलीकडच्या एका वस्तीवरची, रविराजला हवी असलेली ही कॉन्टेसा म्हणजे त्याची शेवटची संधी होती. शहाण्णव सालची, पांढरी, मीटरवर एकसष्ट किलोमीटर. मागणी अठरा लाख. खरं सांगायचं तर असल्या किमतींचं त्याला हसूच यायचं. गाडी म्हणजे काय लोणचं आहे, मुरत ठेवलं की चव चढायला? उभ्या उभ्या टायर चिरतात, पाइप कडक होतात, टाकी गंजते. पण शौकिनांना न वापरलेलीच गाडी लागते, आणि घेतल्यावर तेही ती वापरत नाहीत, कारण पळवली की किंमत गेली. आता करा काय करायचं ते.

सकाळी दहाला तो वस्तीवर पोचला. एप्रिलचं ऊन आत्ताच चटके देत होतं. पऱ्हाट्यांच्या ढिगापलीकडे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये गाडी. मालक काकासाहेब ऐंशीच्या पुढचे. घोडेगावच्या बाजारात बैलांचा व्यापार करण्यात उभा जन्म गेलेला. त्यांची बायको छबूबाई शेडच्या तोंडाशी बसली होती. पाहुणा आला तरी तिने मान वळवली नाही. ती गाडीकडेच बघत होती.

"डावीकडनं शिरा," काकासाहेब म्हणाले. "उजवं दार उघडत न्हाई."

वैजनाथने आधी बाहेरून सगळं तपासलं. टायर त्याच सालचे, चिरलेले, पण अंगावरचे कारखान्यातले बारीक रबरी केस शाबूत. बॉनेट उघडून त्याने नंबराचे फोटो काढले, ते बंद केलं आणि मोबाईल त्याच्यावरच ठेवला. मीटरच्या स्क्रूंवरचा रंगाचा ठिपका कुणी हलवलेला नव्हता. पेडलची रबरं इतकी कोरी, की बोट फिरवलं तर कडा टोचत होत्या. नगरहून इथवर त्याच्या स्वतःच्या गाडीनेही एकसष्टच दाखवले होते. म्हणजे नगरच्या शोरूममधून निघाली, घरी आली, उभी राहिली. त्याला इतका आनंद झाला, की हसूच आलं.

मग त्याचं लक्ष स्टिअरिंगकडे गेलं.

दोन ठिकाणी, जिथे ड्रायव्हर हात ठेवतो तिथे, काळं प्लास्टिक झिजून गुळगुळीत झालं होतं. खालच्या मॅटला टाचेखाली भोक पडलं होतं. ड्रायव्हरच्या सीटला खोल खड्डा. त्याने बाजूच्या सीटवर हात दाबला. ती टणक, नवी. बाहेर पत्रा तापून निघाला होता आणि गाडीत गारवा होता. नव्या रेक्झिनचा वास होता, आणि त्याखाली घामाचा. ताज्या घामाचा.

वैजनाथ भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. त्याने सरळ हिशेब मांडला: गाडी चालवलेली नाही, पण कुणीतरी वर्षानुवर्षं तिच्यात बसतंय. म्हातारा असणार. बाहेर येऊन त्याने तसं विचारलं.

"मी कशाला बसू?" काकासाहेब म्हणाले. "दारच उघडत न्हाई त्ये."

"मग बाबा, कोण बसतं?"

उत्तर छबूबाईने दिलं. तिचा मुलगा ज्ञानेश्वर दसऱ्याला नगरला गाडी आणायला गेला होता. बावीस वर्षांचा. संध्याकाळी गाडी आली, अंगणात उभी राहिली, इंजिन बंद झालं. ती ओवाळायला ताट घेऊन पुढे गेली.

"त्यो उतरलाच न्हाई, दादा," ती म्हणाली. "अजून न्हाई."

पोलीस झाले, देवऋषी झाले. गाडीत कुणी सापडलं नाही. एकोणतीस वर्षं झाली.

पोरगा कुठे पळून गेला असेल, दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलं असेल, अशी समजूत वैजनाथने करून घेतली. मग विषय बदलायचा म्हणून त्याने काकासाहेबांना अठरा लाखांचं कारण विचारलं. सात-आठच्या वर ही गाडी जायची नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार.

"सस्त्यात दिली की मानूस हाकतो," काकासाहेब म्हणाले. "लई पैसं मोजलं की झाकून ठिवतो. आमच्या मागं त्याला कुनी हाकू नये."

चढ्या मागणीचं एवढं पटणारं कारण वैजनाथने आजवर ऐकलं नव्हतं.

निघून जावं असं त्याला वाटलं. पण रविराज फोनची वाट बघत होता, आणि असली कोरी गाडी पुन्हा मिळणार नव्हती. सीटच्या खड्ड्याचं तो रविराजला खरं तेच सांगणार होता.

सौदा गाडीतच बसून करायचा, असं काकासाहेबांनी सांगितलं. ते मागच्या सीटवर बसले, वैजनाथ पुढे डावीकडे. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी गिअरच्या दांडीवर पसरला. ही बैलबाजाराची रीत. भाव तोंडाने बोलायचा नाही. टॉवेलखाली एकमेकांची बोटं धरून सांगायचा. दोघांनी दोनदा दाबून हात सोडला की सौदा पक्का, मग फिरायचं नाही. वैजनाथ ही भाषा आजोबांकडे, बन्सी दलालांकडे शिकला होता.

त्याने टॉवेलखाली हात घातला. समोरचा हात लगेच आला. पंजा दोनदा, मग दोन बोटं: बारा लाख. समोरच्या नखाने नकार दिला. तेरा. नकार. हात गार होता, ओलसर. जन्मभर कासरे ओढलेला हात इतका मऊ कसा, हे त्याच्या मनात येऊन गेलं, पण तो भावाच्या नादात होता. चौदा.

त्या हाताने त्याची सगळी मूठ आपल्या मुठीत घेतली आणि दोनदा दाबली.

सवयीने वैजनाथनेही दोनदा दाबली.

चौदा! त्याने सुटकेचा श्वास सोडला. मग त्याला आठवलं. सगळी मूठ धरणं म्हणजे आकडा नव्हे. पैसे नकोत, जनावराला जनावर. अदलाबदल.

त्याने मागे बघितलं. काकासाहेबांचे दोन्ही हात काठीवर होते.

"झाला का सौदा?" त्यांनी विचारलं. ते ड्रायव्हरच्या सीटकडे बघत होते. मग मागचं दार उघडून ते उतरले.

मला मान्य नाही, असं वैजनाथला म्हणायचं होतं. तोंडून आवाज निघाला नाही.

उजवं दार उघडलं.

सीटचा खड्डा हळूहळू वर आला आणि सपाट झाला. दार लागलं.

बाहेर छबूबाई उठून उभी राहिली होती. तिने दोन्ही हात पुढे केले आणि कुणाचा तरी चेहरा कुरवाळला. "किती वाळलास रं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

वैजनाथने डावं दार ओढलं. काचेवर मुठी आपटल्या. म्हातारा चार हातांवर उभा होता. त्याने वळूनही बघितलं नाही.

बॉनेटवर मोबाईल वाजला. कुणीतरी तो उचलला.

"हां, रविराजशेठ, वैजनाथ बोलतोय." आवाज वैजनाथचाच होता. "बघितली. अगदी कोरी आहे. आत कुणी बसलेलंसुद्धा नाही. घ्या तुम्ही. माझा शब्द."