ड्रॅगनचं तोंड कुणीकडे?

मुखपृष्ठ निवड समितीच्या सदस्यांनो, तुम्ही एका मुलीला चोर ठरवलंत आणि तिचं ऐकून घ्यायला साधी खुर्चीसुद्धा पुढे सरकवली नाहीत. दोन चित्रं सारखी दिसली. आधी आलं ते अस्सल, मागून आलं ते चोरीचं! रांगेत पुढे घुसणारा खराच असतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

तुमचा निकाल कळला तशी धाकटीने थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, मला चोर म्हणतायत. सगळ्या प्रकाशकांना कळवणार आहेत. मला पुन्हा कोण काम देईल?"

"चोरलंयस का?"

"ताई!"

"विचारायला नको?"

थोरली विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायची. मुद्दाम जाळलेली दुकानं, खोटे लंगडे, सगळं पाहिलेली. संशय ही तिची रोजीरोटी, आणि घरी येताना ती तो पायपुसण्यावर झटकून येत नसे.

समितीच्या कार्यालयात तिने दोन्ही चित्रं मागून घेतली. अंतराळातल्या कादंबरीचं मुखपृष्ठ. लोखंडी पंखांचा ड्रॅगन, पाठीवर स्वार बाई, मागे तडकलेला चंद्र. धाकटीचा ड्रॅगन उजवीकडे झेपावत होता, दुसरा डावीकडे. दुसऱ्याचा एक पंख खांद्याऐवजी मानेतूनच फुटला होता.

"तुमच्या बहिणीने चित्र उलटवलं, चूक सुधारली, दिलं पाठवून," अध्यक्ष म्हणाले.

"दुसरा चित्रकार कोण?"

"नवीन नाव आहे. त्याचं चित्र आम्ही बाहेर कुणाला दाखवलेलं नाही."

थोरली पुन्हा वाकली. दुसऱ्या चित्रातली बाई तिला ओळखीची वाटली. धाकटीच्या चित्रातली मात्र किंचित परकी. पोरीने खरंच हात मारला की काय?

धाकटी काम करायची तो स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. तिच्या संगणकाचा पडदा भिंतीला लागून. समोर बसलं की उजव्या हाताला खिडकी, डाव्या हाताला दार. शेजारी रंग भरणारा रंग्या. मागे काचेची केबिन, तिथे मालक.

"तिचा ड्रॅगन पाहिलात?" थोरलीने रंग्याला विचारलं.

"रोजच की."

"तोंड कुणीकडे होतं?"

"सकाळी खिडकीकडे. जेवायच्या सुट्टीत दाराकडे."

"माझी चेष्टा करताय?"

"तुमची चेष्टा करायला काळीज वाघाचं लागतं, ताई. तिलाच विचारा."

थोरली तोंड धुवायला गेली. बेसिनवरच्या आरशात तिने मान वर केली आणि नळ वाहता ठेवून तशीच उभी राहिली. लहानपणी झोपाळ्यावरून पडून तुटलेली भुवई तिने बोटाने चाचपली.

मग ती केबिनमध्ये शिरली.

"मॅडम, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही," मालक म्हणाले. "मी गिऱ्हाईक आणतो, काम ही मंडळी करतात."

"तिच्या पडद्यावर कधी पाहिलंत?"

"कधीच नाही. इथून तिची पाठ दिसते फक्त."

"मग ड्रॅगन पाहिलाच नाही?"

"पाहिला ना. समितीने तिचं चित्र परत पाठवलं तेव्हा. एकदाच."

"तिच्या पडद्यावर ते उघडलं, तर तोंड कुणीकडे?"

"दाराकडे! आत्ता बाहेर पडेल असं!"

दुसऱ्या दिवशी समितीच्या टेबलाभोवती सगळे बसले. थोरली उभीच राहिली.

"एकाच चित्रावर तासन्‌तास बसलं की डोळ्याला चुकांची सवय होते. म्हणून माझी बहीण जेवायला उठताना चित्र आरशासारखं उलटवून ठेवते. परत आली की चूक टोचते. तशीच तिला पंखाची चूक सापडली. चित्र सरळ करून तिने ती काढली. तुमच्या कुलपातलं चित्र त्याआधीचं आहे. जेवायच्या सुट्टीत उचललेलं, उलटं आणि चुकीसकट."

"पण मूळ सरळ कोणतं, हे कशावरून?" अध्यक्षांनी विचारलं.

"स्वार बाई मी आहे. माझी डावी भुवई तुटलेली आहे, बघा. तिच्या चित्रातही डावीच. चोरीच्या चित्रात उजवी. ती मला ओळखीची वाटली, कारण मी स्वतःला रोज आरशातच बघते. त्यापायी मी सख्ख्या बहिणीवर संशय घेतला."

रंग्याने घसा खाकरला.

"तुम्ही सुटलात," ती म्हणाली. "तुम्हाला तिची सवय ठाऊक. तुम्ही चोरलं असतं तर आधी सरळ केलं असतं. हे चोरलंय ते चित्रकलेतलं ओ की ठो न कळणाऱ्याने. मालक, समितीने परत पाठवलेल्या चित्रात ड्रॅगन खिडकीकडे बघतो. दाराकडे बघणारा तुम्ही कुठे पाहिलात?"

मालकांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला.

"ते नवीन नाव कुणाचं?" धाकटीने विचारलं.

"मेहुण्याचं," मालक पुटपुटले. मग एकदम उसळले, "मुखपृष्ठावर नाव झळकलं असतं तर तू माझ्याकडे थांबली असतीस का? तुला बसायला जागा मी दिली!"

"जागा दिलीत," धाकटी म्हणाली. "हात माझे होते."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "प्रकरण नाजूक आहे. अंतर्गत चर्चा करून यथावकाश..."

"नाही," थोरलीने खुर्ची ओढली आणि बसली. "चोर ठरवताना चर्चा लागली नाही. सगळ्या प्रकाशकांना आजच कळवणार का, की चूक तुमची होती? हो की नाही? बोला."